पाय दाबण्यापूर्वी

ज्येष्ठ महिन्यात शेगावहून निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी नर्सी नामदेव, औंढा नागनाथ करीत आमच्या जवळा बाजारात येते आणि पुढे परभणी, गंगाखेड, परळी या मार्गाने पंढरपूरकडे जाते. शेगाव ते पंढरपूर हे अंतर सातशे किलोमीटरांच्या घरात आहे आणि वारकरी ते पायी चालून जातात. पालखी गावात विसावली की चहा-फराळाची व्यवस्था होते, औषधांचे टेबल लागते, आणि गावातील तरुण मुले तेलाची बाटली घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळावयास बसतात. त्यांत आपल्या व्यापारी घरांतील मुलेही असतात.

आपल्या समाजाला हे दृश्य परके नाही. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर आपले साधू-साध्वी वर्षभर अनवाणी विहार करीत असतात. आमच्याच औंढा तालुक्यात शिरड शहापूर येथे श्री मल्लिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र आहे. तेथे दर्शनास येणाऱ्या संघांची पावले मराठवाड्याच्या तापलेल्या डांबरावरून, खडीवरून आणि बाभळीच्या काट्यांतून आलेली असतात. आचार्यांनी वैयावृत्त्याची गणना सहा अभ्यंतर तपांत केली आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. साधूंची सेवा पुरुषांनी आणि साध्वींची स्त्रियांनी, तीही त्यांच्या अनुमतीने, ही मर्यादाही नव्याने सांगावयास नको.

परंतु ज्या पायाला हात लावावयाचा त्याच्या आत काय आहे, हे ठाऊक नसताना केवळ भक्तिभावाने जोर लावला, तर सेवा घेणाऱ्याला इजा होऊ शकते. ही इजा होते, आणि बहुतेक वेळा ती बोलून दाखविली जात नाही, कारण सेवा करणाऱ्याचे मन मोडू नये असे समोरच्याला वाटते. अलीकडे काही युवक-युवती मालिशचे रीतसर शिक्षण घेऊ लागले आहेत, काही जण त्याकडे व्यवसाय म्हणूनही पाहतात. त्यांच्यासाठी आणि घरात आई-वडिलांचे पाय दाबणाऱ्या प्रत्येकासाठी हे चार शब्द लिहीत आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उभी हयात बँकेत गेली. मात्र निवृत्तीनंतर टाचेच्या दुखण्याने मला एका फिजिओथेरपी तज्ज्ञांकडे नेले. त्यांच्या टेबलावरील पावलाच्या सांगाड्याने माझे कुतूहल जागे केले आणि तेव्हापासून हा विषय मी आवडीने वाचत आलो आहे.

पावलाची रचना

एका पावलात २६ हाडे असतात, म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे. त्यांतील चौथा हिस्सा पावलांतच सामावला आहे. ज्या अवयवाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो त्यात निसर्गाने एवढी गुंतवणूक का केली असावी, याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. पाऊल दोन फुटांचे धरले तर सातशे किलोमीटरच्या वारीत माणूस साडेअकरा लाख पावले टाकतो. प्रत्येक पायाच्या वाट्याला पावणेसहा लाख येतात, आणि प्रत्येक वेळी संपूर्ण शरीराचा भार क्षणभर एकाच पायावर असतो.

या २६ हाडांची विभागणी सोपी आहे. मागच्या व मधल्या भागात सात लहान-मोठी, ओबडधोबड हाडे. त्यांच्या पुढे पाच लांब हाडे, ज्यांची टोके मिळून चवडा होतो. आणि बोटांची चौदा. अंगठ्याला दोनच पेरे असतात, उरलेल्या चार बोटांना तीन-तीन. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याकडून मसुराच्या दाण्यासारखी आणखी दोन हाडे स्नायूंच्या दोरीत बसविलेली असतात; ती या २६ मध्ये मोजत नाहीत. मालिश शिकणाऱ्यांनी ती आवर्जून चाचपून पाहावीत. अंगठ्याखाली लागणाऱ्या या कठीण गोळीला ‘गाठ’ समजून ती विरघळविण्यासाठी अंगठ्याने रगडणारे पुष्कळ आहेत. ती गाठ नसून हाड आहे, ते विरघळत नाही. फक्त ठणकू लागते.

सात हाडांपैकी दोन महत्त्वाची. खालचे टाचेचे हाड सर्वांत मोठे. त्यावर बसलेल्या हाडाला वैद्यकीय भाषेत टॅलस म्हणतात. नडगीचे जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, या दोहोंची खालची टोके म्हणजे आपले आतले व बाहेरचे घोटे. या दोन घोट्यांच्या खाचेत टॅलस असे बसते, जसा सुताराने केलेल्या खाचेत लाकडाचा तुकडा बसावा. या टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा बराचसा पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने मढलेला आहे. त्यामुळे रक्तपुरवठ्याच्या वाटा थोड्या, आणि हे हाड मोडले तर भरून येण्यास वेळ लागतो.

टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल वर उचलले की रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. पाऊल खाली झुकले की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना, उतारावर किंवा उंच टाचेच्या चपलेत पाय का मुरगळतो, याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण घोट्यांच्या उंचीत आहे. स्वतःचे घोटे पाहा: बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला दिसेल. त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूला सहसा कलंडत नाही, आत वळते, आणि ताण बाहेरच्या घोट्याखालील अस्थिबंधांवर येतो. हे अस्थिबंध तीन आहेत. त्यांतील पुढचा, म्हणजे बाहेरच्या घोट्याच्या पुढून टॅलसकडे जाणारा, सर्वांत नाजूक. पाय मुरगळला की बहुधा तोच ताणला किंवा फाटला जातो. आतल्या घोट्याखालचा अस्थिबंध पंख्याच्या आकाराचा व दणकट असतो.

आतल्या घोट्याच्या मागे दोन बोटे हलकेच ठेवली तर नाडी लागते. तेथूनच एक मोठा मज्जातंतू तळव्याकडे जातो. म्हणून या जागी अंगठा रोवून दाबू नये. पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठ्याच्या शिरेच्या किंचित बाहेर, दुसरी नाडी मिळते. मालिशच्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात काही शिकावयाचे असेल तर या दोन नाड्या शोधणे शिकावे.

आपल्या प्राचीन शल्यशास्त्राची दृष्टीही येथे पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली आहेत, त्यांतील ११ एकेका पायात. अंगठा व शेजारच्या बोटाच्या मधील जागा क्षिप्र, तळव्याचा मध्य तलहृदय, घोट्याचा सांधा गुल्फ, पोटरीचा मध्य इंद्रबस्ति. आजकाल मर्मे ही ‘दाबण्याची ठिकाणे’ म्हणून शिकविली जातात. मूळ ग्रंथात मात्र ती जपण्याची ठिकाणे म्हणून येतात. तेथे घाव बसला तर काय अनर्थ होतो याचे ते वर्णन आहे. गुल्फाची नोंद तर वेदना देणाऱ्या मर्मांत केली आहे. मालिशवाल्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा, असे मला वाटते.

मुरगळलेला पाय

आपल्याकडे पाय मुरगळला की घरातील प्रत्येकाकडे एकेक उपाय असतो. कोणी म्हणते गरम पाण्याने शेका, कोणी म्हणते तेल लावून जोरात चोळा म्हणजे रक्त साकळणार नाही, आणि कोणीतरी शेजारच्या गावातील पाय ‘ओढून देणाऱ्या’ गृहस्थाचे नाव सुचविते. पहिल्या दोन-तीन दिवसांत यांपैकी काहीही करू नये. अस्थिबंध ताणला किंवा फाटला की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. उष्णतेने आणि चोळण्याने त्यांतून अधिक रक्त झिरपते आणि सूज वाढते. अशा पायाला विश्रांती द्यावी, घोट्यावर लवचिक पट्टी बांधावी, पाऊल उशीवर छातीपेक्षा उंच ठेवावे आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे धरावा. या उपायांचे चार शब्दांचे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये प्रचारात आणले. पुढे त्यांनीच असे लिहिले की बर्फाने वेदना कमी होते, पण फार काळ लावल्यास भरून येण्याची क्रिया मंदावू शकते. म्हणून बर्फ वेदनेपुरता ठेवावा.

आंबेहळद-रक्तचंदनाच्या लेपाला माझा विरोध नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या भागात असा विरोध कोण करील? लेप थंड असावा आणि हलक्या हाताने लावावा, एवढेच म्हणणे आहे. कढत लेप आणि वर घट्ट फडके, हे पहिल्या दिवशी नको.

खरा प्रश्न असतो तो पाय नुसता मुरगळला आहे की हाड मोडले आहे, हा. यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये साधे नियम मांडले आणि आज जगभरच्या अपघात विभागांत ते वापरले जातात. दोन्ही घोट्यांच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास चार बोटे, हलकेच दाबून पाहावी. नेमक्या हाडावर दुखले तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या लांब हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तेथे दुखले तरी काढावा. आतल्या बाजूस, कमानीच्या माथ्याशी असलेल्या नावेच्या आकाराच्या हाडावर दुखले तरीही काढावा. आणि दुखापत झाल्याबरोबर तसेच नंतरही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील तर विचार न करता काढावा. यांतील काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच थोडी. मात्र लहान मुले, शुद्धीवर नसलेली माणसे आणि ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे असे रुग्ण यांच्याबाबतीत या नियमांवर विसंबू नये.

करंगळीच्या हाडाचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. त्या हाडाच्या मोडण्याच्या एका प्रकाराला ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर रॉबर्ट जोन्स यांचे नाव आहे. त्यांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यातील पहिला रुग्ण ते स्वतःच होते. नाचताना त्यांचा पाय मोडला होता.

सूज उतरू लागली की मालिशचा उपयोग सुरू होतो. तोही थेट दुखऱ्या जागी नाही. आधी पोटरी, मग घोट्याच्या वरचा भाग, हात नेहमी बोटांकडून गुडघ्याच्या दिशेने, जेणेकरून साचलेले पाणी वर सरकेल. पुढे पावलाने हवेत अक्षरे गिरविणे आणि भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे. हे शेवटचे सर्वांत मोलाचे आहे. अस्थिबंधांत शरीराला आपल्या पावलाची स्थिती कळविणारे तंतू असतात. दुखापतीत तेही बिघडतात आणि म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. रोज दात घासताना अर्धा वेळ एका पायावर, अर्धा वेळ दुसऱ्या पायावर उभे राहण्याने ही जाण परत येते. वेदना गेली की लोक हे सोडून देतात. निदान सहा आठवडे तरी सोडू नये.

दुकानातील टाच

आपले दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत शहाबादी फरशीवर उभे. गल्ल्यावर बसणाऱ्याचे सोडा, पण काउंटरमागे उभा राहणारा मुलगा आणि मोंढ्यात हळदीची पोती उचलणारा हमाल यांच्या टाचा दिवसभर भार सोसतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावले टाकताना टाचेखाली कळ येते, चालू लागल्यावर कमी होते आणि दीर्घकाळ बसून उठल्यावर पुन्हा येते. हे वर्णन ज्याने ऐकले नाही असा व्यापारी घराणे शोधून सापडणार नाही.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, तंतुमय पट्टा ताणलेला असतो. धनुष्याला दोरी असावी तशी ही पावलाच्या कमानीची दोरी. चालताना बोटे वर वळली की हा पट्टा बोटांच्या मुळाभोवती गुंडाळला जातो आणि कमान उंचावून पाऊल घट्ट होते. रहाटावर दोर गुंडाळावा तशी ही युक्ती इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये उलगडून दाखविली. हा पट्टा टाचेला जेथे चिकटतो तेथे वारंवारच्या ताणाने झीज होते. रात्रभर पाऊल सैल पडून तो आखडतो आणि सकाळी एकदम ताणला जातो, म्हणून पहिली पावले दुखतात.

एक्स-रेमध्ये टाचेखाली हाडाचा काटा दिसला की लोक घाबरतात आणि ‘हाड वाढले’ म्हणून सगळा दोष त्याला देतात. वास्तविक टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी माणसांतही असा काटा आढळतो. तो मालिशने मोडता येत नाही आणि मोडण्याची गरजही नसते. टाचेखाली चरबीची बारीक कप्प्यांची एक गादी असते. वयानुसार ती पातळ होत जाते. दुखऱ्या बिंदूवर कोपराने किंवा लाकडी दांड्याने रगडणारे या गादीलाच इजा करतात. त्याऐवजी पोटरी आणि तळव्याची कमान यांवर सावकाश काम करावे. पोटरीचा ताण टाचेच्या मागच्या शिरेतून थेट टाचेवर येतो. भिंतीला हात लावून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पोटरी ताणावी, तळव्याखाली गोल बाटली फिरवावी, आणि काउंटरमागे एक जाड रबरी पट्टी अंथरावी. सपाट, पातळ चप्पल घालून कठीण फरशीवर दिवसभर उभे राहणे टाळावे. आपल्यापैकी अनेक घरांत चामड्याचे पादत्राण वर्ज्य असते. त्यांनी मऊ रबराच्या, टाचेशी थोड्या उंच असलेल्या चपला पाहाव्यात.

गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांचे दुखणे वेगळे. बाहेरच्या घोट्यावर सतत दाब पडून त्वचा काळी, जाड होते आणि कधी खाली पाण्याची मऊ पिशवी तयार होते. शिंपी, सराफ, स्वाध्यायाला तासन्‌तास बसणारे, सर्वांत हे दिसते. ती पिशवी दाबून फोडू नये. घोट्याखाली कापडाची घडी ठेवली आणि बैठक बदलत राहिली की बहुधा ओसरते. लाल झाली, गरम लागली तर डॉक्टरांकडे जावे.

टाचेच्या मागची शीर ही शरीरातील सर्वांत जाड व मजबूत शीर. तरीही टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि बहुधा तेथेच ती तुटते. चाळिशीतील गृहस्थ सणासुदीला किंवा मुलांच्या स्नेहसंमेलनात एकदम धावतात आणि ‘मागून कोणीतरी लाथ मारली’ असे वाटून वळून पाहतात. मागे कोणी नसते. अशा माणसाला पालथे झोपवून, पाऊल पलंगाबाहेर लोंबते ठेवून पोटरी हलकेच दाबावी. शीर शाबूत असेल तर पाऊल खाली झुकते. तुटली असेल तर पाऊल हलत नाही. अशा पायाला मालिश नको. त्याच दिवशी अस्थितज्ज्ञ गाठावा.

वारकऱ्यांच्या आणि विहारातील सेवकांच्या बाबतीत आणखी एक दुखणे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांना येणाऱ्या सुजेची नोंद केली. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले की चवड्याची लांब हाडे, विशेषतः दुसरे हाड, एका घावाने नव्हे तर लाखो पावलांच्या ताणाने तडकलेली असतात. पावलाच्या वरच्या भागावर एका बोटाने दाखविता येईल अशी दुखरी जागा असेल, चालताना वाढत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर तेथे हात चालवू नये. वारकरी ‘काही नाही, चोळून द्या’ म्हणेल. त्याला टेबलापाशी असलेल्या डॉक्टरांकडे पाठवावे.

जेथे हात आवरावा

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो भाग.

आपल्या घरांत मधुमेह किती आहे हे वेगळे सांगावयास नको. तुपातले पदार्थ, बैठे काम आणि चालण्याचा कंटाळा यांनी तो पिढीजात झाला आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांचे मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. माणसाला प्रथम मुंग्या येतात, जळजळ होते आणि मग काहीच जाणवेनासे होते. ‘आता जळजळ थांबली’ म्हणून तो समाधान मानतो. माझ्या परिचयातील एका किराणा व्यापाऱ्यांनी थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी घेतली. सकाळी सुनेला चादरीवर डाग दिसला तेव्हा भाजल्याचे कळले. पाच महिने जखम चालली आणि शेवटी दोन बोटे काढावी लागली.

म्हणून मधुमेही व्यक्तीचे पाय दाबावयास बसण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. त्यांना डोळे मिटावयास सांगून कापसाच्या बोळ्याने बोटे व तळवा यांना अलगद स्पर्श करावा आणि ‘कळले का’ म्हणून विचारावे. हे दवाखान्यातील तपासणीचे काम करीत नाही, पण घरात इशारा देण्यास पुरेसे आहे. दुसरे, बोटांच्या बेचक्यांतून तळव्यापर्यंत दिव्याच्या उजेडात पाहावे: भेग, फोड, काटा, नखाची टोचणी, भोवरी. तेल कोमट असले तरी ते आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावे, त्यांना ‘चटका लागतो का’ असे विचारून उपयोग नाही. भोवरी ब्लेडने कापू नये. जखम असेल तर तेल नको.

मधुमेहात एक फसवे दुखणे होते. पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेले दिसते, आणि आश्चर्य म्हणजे फारसे दुखत नाही. घरचे म्हणतात मुरगळला असेल, चोळा. प्रत्यक्षात आतील हाडे विस्कळीत होत असतात. फ्रेंच वैद्य शार्को यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. अशा पावलावर भार टाकला किंवा मालिश केले तर काही आठवड्यांत कमान कोसळून पाऊल कायमचे वेडेवाकडे होते. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागत असेल तर रुग्णाला चालू न देता डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरा धोका पोटरीचा. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा आजाराने अंथरुणाला खिळणे यांनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, जड झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर आतील खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. सम्मेद शिखरजीच्या यात्रेहून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासानंतर परतलेल्या ज्येष्ठांचे पाय दुखणारच. दोन्ही पाय सारखे दुखत असतील तर काळजी नाही. पण एकच पोटरी सुजलेली असेल तर हात लावू नये. मालिशने गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. येथे ‘हलक्या हाताने करतो’ हीही तडजोड नाही. औंढा, वसमत किंवा परभणी, जे जवळ असेल तेथे त्याच दिवशी दाखवावे.

फुगलेल्या निळ्या शिरांवर, ताप असताना, आणि अंगठ्याचे मूळ रात्रीतून लाल होऊन चादरीचाही स्पर्श सहन होत नसेल तेव्हाही मालिश नको. हे शेवटचे लक्षण युरिक ॲसिडच्या संधिवाताचे असू शकते.

काशाच्या वाटीविषयी अनेक जण विचारतात. तुपाने किंवा तेलाने पाय घासले की तळवे काळे पडतात आणि ‘अंगातील उष्णता निघाली’ असे म्हटले जाते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची तेल व त्वचेशी घासून जी क्रिया होते, तिचा तो रंग आहे; निरोगी माणसाच्याही पायाला तो येतो. तरीही वाटी वाईट नाही. तिचा गोल तळ भार सर्वत्र सारखा वाटतो, अंगठ्यासारखा एका जागी रुतत नाही, आणि झोप छान लागते असा माझ्या आईचा अनुभव होता. भेगाळलेल्या पायावर मात्र ती वापरू नये.

प्रत्यक्ष पाय दाबण्याची रीत थोडक्यात सांगतो. आधी स्वतःचे हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठी काढावी. समोरच्याचे पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांची बेचकी कोरडी करावी. पावसात चाललेल्या वारकऱ्यांना तेथे चिखल्या हमखास असतात आणि त्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. चिखल्या असतील तर ती बेचकी सोडून द्यावी. दोन्ही हातांनी पाऊल क्षणभर नुसते धरावे, म्हणजे समोरचा माणूस सैल होतो. तेल थोडेच घ्यावे. तळव्यावर टाचेपासून चवड्याकडे अंगठ्यांनी लांब, संथ हात. मग बोटे एकेक करून धरून किंचित ओढावीत, पण कटकट आवाज काढू नये. चवड्याची लांब हाडे दोन हातांत धरून आलटून-पालटून वर-खाली हलवावीत, याने दिवसभर आखडलेले पाऊल मोकळे होते. पोटरी शेवटी, टाचेकडून गुडघ्याकडे, तळहाताने. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाबू नये. पाण्याने भरलेला फोड कधीही फोडू नये; त्यावर स्वच्छ पट्टी लावावी आणि त्याच्या भोवतीही चोळू नये. एका पायाला सात-आठ मिनिटे पुरतात.

अनवाणी चालणाऱ्या साधू-साध्वींच्या तळव्यांची त्वचा जाड झालेली असते. ती घासून मऊ करण्याचा उत्साह दाखवू नये. तेच त्यांचे पादत्राण आहे. मात्र टाचेच्या खोल भेगांत रक्त दिसत असेल किंवा मोडलेला काटा आत राहिला असेल, तर त्यांच्या मर्यादेत बसेल असा उपाय संघातील ज्येष्ठांना विचारून डॉक्टरांच्या साहाय्याने करावा.

पावलाविषयी आपल्या देशाने जगाला दिलेली एक देणगी येथे नोंदविली पाहिजे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस रबराचे कृत्रिम पाऊल घडविले. विलायती कृत्रिम पायाला बूट लागे. या पावलाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, शेतातील चिखलात उतरता येते. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते पाऊल गरजूंना विनामूल्य देण्याचे कार्य हाती घेतले. आपल्या समाजातील अनेक ट्रस्ट या समितीची शिबिरे भरवितात. अशा शिबिरात मालिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक दिवस नुसते पाहण्यासाठी जावे. पाऊल बसविण्यापूर्वी तंत्रज्ञ उरलेल्या पायाला कसा हात लावतात, कोठे दाबतात आणि कोठे दाबत नाहीत, हे जवळ बसून पाहिले तर पुस्तकातील आकृतीपेक्षा अधिक शिकता येते.

यंदाच्या पालखीपूर्वी गावातील मुलांसाठी एका फिजिओथेरपी तज्ज्ञांना दोन तासांसाठी बोलवावे, असे आम्ही काही निवृत्त मंडळींनी ठरविले आहे. प्रत्येक मुलाकडे तेलाच्या बाटलीबरोबर दोन स्वच्छ टॉवेल, कापूस, पट्ट्या आणि एक छोटी बॅटरी असेल. बॅटरी कशासाठी, असे एका मुलाने विचारलेच. संध्याकाळी मंडपात उजेड कमी असतो, आणि तळवा पाहिल्याशिवाय तेल लावावयाचे नाही, असे त्याला सांगितले आहे.